घाम न येणाऱ्या मुलाचा अकोल्यातला उन्हाळा

परवा व्हिडिओ कॉलवर तुमच्या अकोल्याच्या भावाने तोंडातली कवळी काढून हातात धरली आणि तुम्ही दोघं किंचाळलात. धाकटीने विचारलं, "आजी, तो सहा वर्षांचा आहे ना? मग त्याचे दात म्हाताऱ्यांसारखे कसे निघतात?" तुमच्या आईने घाईघाईने फोन स्वतःकडे घेतला. तिला वाटलं, विचारू नये ते विचारलं. विचारायला काहीच हरकत नव्हती. फोनवर दोन वाक्यांत सांगण्यासारखं ते नाही एवढंच, म्हणून लिहून पाठवते आहे. क्रमाने वाचा. थोरला मधलं सोडून शेवटाकडे पळतो, त्याने तसं करू नये.

तो माझ्या भाचीचा मुलगा. भाची म्हणजे माझ्या भावाची मुलगी. भातकुलीच्या आमच्या घरात वाढली आणि लग्नानंतर अकोल्याला, मोर्णा नदीपलीकडच्या जुन्या शहरात गेली. ती तिथल्या प्राथमिक शाळेत शिकवते. नवरा लाइनमन आहे, विजेच्या खांबांवर चढणारा. घरात तिसऱ्या तिच्या सासूबाई, माझ्या विहीणबाई. मी अमरावतीत मुलींच्या शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवलं, त्यामुळे नात्यात कुणाच्याही घरी इंग्रजी कागद आला की मला बोलावणं येतं. या सगळ्यात माझं काम एवढंच होतं. बाकीचं त्या घराने केलं, आणि ते मला तुम्हाला सांगायचं आहे.

तो जन्मला तेव्हा डोक्यावर केस असे नव्हतेच. कानामागे थोडी भुरी लव. जावळ काढायच्या दिवशी न्हावी वस्तरा घेऊन बसला आणि हसायला लागला, "काय काढू बाई? नुसता हात फिरवून जातो." वर्ष उलटलं तरी दात नाही. विहीणबाई म्हणायच्या, उशिरा येणारे दात पक्के असतात. मग वर समोर दोन आले, टोकदार, सुळ्यासारखे. पुढे कितीही वाट पाहिली तरी तेवढेच. "वाघ हाये माहा," विहीणबाई गल्लीत सांगत. भाकर दुधात किंवा वरणात मऊ करून दिली तरच तो खायचा, आणि प्रत्येक घासाला पाणी मागायचा, कारण तोंडात लाळ कमी. पण हे कारण तेव्हा कुणाला ठाऊक होतं? सगळ्यांना तो लाड वाटायचा.

उन्हाळा आला की ताप. सकाळी खेळतं पोर दुपारी तापलेल्या तव्यासारखं होई आणि संध्याकाळी पुन्हा खेळायला लागे. मलेरिया तपासला, टायफॉइड तपासला, लघवी तपासली. काही निघालं नाही. पाऊस पडला की ताप आपोआप बंद. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा सुरू.

त्या दुसऱ्या उन्हाळ्यातल्या एका दुपारी भाची शाळेत होती, मुलगा आजीजवळ. अंग भाजत होतं. विहीणबाईंनी पाच लेकरं वाढवली होती आणि ताप आला की काय करायचं हे त्यांना पक्कं माहीत होतं. आपल्याकडे सगळ्यांनाच माहीत असतं. पंखा बंद करायचा, आल्याचा काढा पाजायचा, गोधडीत गुंडाळायचं आणि घाम फुटायची वाट पाहायची. घाम फुटला की ताप पळतो. त्यांनी सगळं अगदी नीट केलं. घाम काही फुटेना. म्हणून त्यांनी दुसरी गोधडी घातली.

मुलाला झटका आला. डोळे फिरले, हातपाय ताठ झाले. शेजारच्या ऑटोतून दवाखान्यात नेलं. तिथल्या नर्सबाईंनी आधी गोधडी फेकली, कपडे काढले, ओल्या फडक्यांनी अंग पुसत राहिल्या. औषध पोटात जायच्या आतच ताप उतरायला लागला. हे विचित्र होतं, पण त्या घाईत ते विचित्र आहे असं म्हणायला कुणाला सवड नव्हती.

पहिल्या गाडीने मी अकोल्याला पोचले. विहीणबाई दवाखान्याच्या पायरीवर बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "ईनबाई, म्या काय चुकीचं केलं? माह्या पाचही लेकरायले असंच केलं न." मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. माझ्या आईनेही मला असंच केलं होतं.

भाचीला आणि मुलाला मी थोडे दिवस अमरावतीला आणलं. तिथे आमच्या ओळखीची एक तरुण दातांची डॉक्टर आहे. तिला ते दोन सुळे तरी दाखवावेत, एवढाच माझा विचार. तिने तोंडात पाहिलं. मग भुवया पाहिल्या; त्या नव्हत्याच म्हणा. मग तिने मुलाचा तळहात स्वतःच्या हातात धरून ठेवला आणि विचारलं,

"याला घाम येतो का?"

भाचीने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. मे महिना, अमरावती, आम्हा दोघींच्या पाठी ओल्या. मुलाचं झबलं मात्र पेटीतून काढल्यासारखं कोरडं. घरात याच गोष्टीचं, मुलगा किती स्वच्छ म्हणून, कौतुक होतं. 'अंगाले वास म्हणून नाई पोट्ट्याच्या,' असं विहीणबाई अभिमानाने सांगत. दोन वर्षांत रक्त तपासलं, लघवी तपासली, हा एक प्रश्न कुणी विचारला नव्हता.

"आणि तुम्ही जरा हसा बरं," डॉक्टर भाचीला म्हणाली.

भाची हसली, आणि लहानपणापासूनच्या सवयीने तिचा हात तोंडाशी गेला. डॉक्टरने हळूच तो हात खाली केला. वरचा एक दात बारीक, खुंटीसारखा. आम्ही घरात त्याला तांदूळ म्हणायचो. डॉक्टर हसली नाही. म्हणाली, "हा दात आणि याचे दात, दोन्ही एकाच कारणाचे असावेत. चामडीच्या डॉक्टरांना दाखवू."

चामडीच्या डॉक्टरांनी जे केलं ते मी स्वतः पाहिलं, आणि इतकं सुंदर काही मी दवाखान्यात कधी पाहिलं नाही. त्यांनी भाचीच्या पाठीला आयोडीन लावलं, वाळू दिलं, वर मक्याचं पांढरं पीठ भुरभुरवलं आणि तिला उकाड्यात बसवलं. जिथे घाम येतो तिथे पीठ निळंकाळं होतं. थोड्या वेळाने तिच्या पाठीवर निळे आणि पांढरे पट्टे उमटले, कण्याशी टोक आणि दोन्हीकडे वळत गेलेले, नांगरटीच्या तासांसारखे. निळ्या पट्ट्यात घामाच्या ग्रंथी, पांढऱ्यात नाहीत. केस, दात आणि घाम ज्या जनुकावर अवलंबून, त्याची आईच्या पेशींमध्ये चांगली प्रतही असते आणि बिघडलेलीही, आणि प्रत्येक पेशी त्यातली एकच वापरते. म्हणून तिची निम्मी पाठ घाम गाळते. मुलाच्या वाट्याला फक्त बिघडलेली प्रत आली. पुढे रक्ताच्या तपासणीतही तेच ठरलं.

तो इंग्रजी अहवाल घेऊन मी अकोल्याला गेले. भाचीने बजावलं होतं, "आत्या, आईंना तूच सांग. माझ्याकडून आलं हेही सांग. पण तू सांग."

विहीणबाई अंगणात विळीवर रोहू माशाचे खवले काढत बसल्या होत्या. मी समोर पाट घेतला. जे वाचून समजलं होतं ते त्यांना सांगितलं, तेच तुम्हालाही सांगते.

पोटातलं बाळ अगदी लहान असतं तेव्हा त्याची कातडी म्हणजे पेशींची एक सपाट चादर असते. केस नाहीत, दात नाहीत, ग्रंथी नाहीत. मग एक पेशी एक छोटं प्रथिन बाहेर सोडते. ते शेजारच्या पेशीवर जाऊन बसतं, किल्ली कुलपात बसावी तसं. तो निरोप असतो: इथे जाड हो, आत वळ. त्या जागी चादरीला बारीक फुगवटा येतो, फुगवटा आत उतरतो. डोक्यावर असेल तर त्याचा केस होतो, जबड्यात असेल तर दात, तळहातावर असेल तर घामाची ग्रंथी. निरोप एकच. जागा वेगळी, सोबतचे निरोप वेगळे, म्हणून वस्तू वेगळी. आणि काही प्रथिनांचं काम 'इथे नको' असं सांगणं असतं, म्हणून सगळे केस एका जागी उगवत नाहीत. आमच्या लहानपणी भातकुलीच्या शेतात उभ्याआडव्या रेघांनी फुल्या पाडून, प्रत्येक फुलीवर सरकी, म्हणजे कापसाचं बी, मातीत टोबायचे. दोन झाडांत अंतर राहायलाच हवं. कातडीला ते अंतर कुणी शिकवलं असेल याचा विचार करत मी त्या दिवसांत कितीतरी वेळ स्वतःच्याच हातावरची लव पाहत बसायचे.

याच्या शरीरात ते एक प्रथिन नीट बनत नाही. एवढंच. डोकं चांगलं, हृदय चांगलं, सगळं चांगलं.

"आणि ईनबाई," मी म्हणाले, "तुमच्या हातातल्या माशाचे खवलेसुद्धा त्याच निरोपाने येतात. कोंबडीची पिसंसुद्धा."

विळीवरचा त्यांचा हात थांबला.

"म्हंजे या मासोळीले निरोप भेटला, अन् माह्या नातवाले नाई भेटला?"

"नाही भेटला."

"कोनाकडून राह्यला मंग?"

मी सांगितलं. भाची दारात उभी होती. विहीणबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा खवले काढायला लागल्या. म्हणाल्या, "तिले तरी कोनी इचारून देल्लं का ते? तिच्या बी हाती नव्हतं न." मग मला: "आता पाठवता येत नाई का तो निरोप?"

हा प्रश्न जगातल्या मोठमोठ्या डॉक्टरांनीही विचारला आहे. परदेशात ते प्रथिन बनवून, बाळ पोटात असतानाच आईच्या गर्भजलात सोडून पाहिलं, आणि त्या मुलांना जन्मल्यावर घाम आला. हे मी वाचलं तेव्हा उठून उभी राहिले होते. पण ते जन्माआधीच द्यावं लागतं. कातडी ऐकायला तयार असते ते दिवस ठरावीक, ते गेले की गेले. आपल्या मुलाचे गेले होते.

"मंग आपनच भिजवू त्याले," विहीणबाई म्हणाल्या आणि मासे धुवायला उठल्या.

बोलायला सोपं होतं. पुढचे उन्हाळे त्याला घरातच ठेवून कसेबसे काढले, पण मग शाळेचं वय झालं. अकोल्याचा उन्हाळा तुम्ही पाहिलेला नाही. घाम न येणाऱ्या मुलासाठी तो काय असतो हे सगळ्यात आधी भाचीच्या पुण्याच्या धाकट्या दिराने बोलून दाखवलं. तो इंजिनिअर, मायाळू, नवराबायकोला मूल नाही. म्हणाला, "वहिनी, याला आमच्याकडे द्या. तिथली हवा बरी आहे. सुट्टीत येत जाईल." त्याने एका शाळेत जागाही धरून ठेवली. बोलण्यात काही वावगं नव्हतं, आणि म्हणूनच भाचीला नाही म्हणणं कठीण होतं. नवऱ्याचंही मन डळमळलं. एकदा झटका आलेला, दुसऱ्यांदा आला तर?

भाची म्हणाली, "एक उन्हाळा मला द्या. या उन्हाळ्यात त्याला एकदा जरी भरती करावं लागलं, तर मी स्वतः पुण्याला सोडून येईन." मुलगा तेव्हा पाच वर्षांचा होता.

त्या उन्हाळ्यात मी अधूनमधून अकोल्याला जात होते. त्या घराने जे केलं ते पाहून मला माझ्या शिस्तीचा गर्व उरला नाही. पातळ सुती शर्ट माठाच्या पाण्यात बुडवून ठेवायचे. एक अंगात, एक पाण्यात, एक दोरीवर. अंगातला अर्धवट वाळला की बदलायचा. आपल्या अंगातलं पाणी घामाने बाहेर येऊन वाळतं आणि कातडी थंड करतं. त्याच्यासाठी ते पाणी बाहेरून आणायचं, फरक इतकाच. शाळा सकाळची. भाची त्याला सावलीसावलीने नेई, बालवाडीच्या दारात पाण्याने भरलेला लोटा ठेवून आपल्या वर्गावर जाई. घरी कूलर, आणि वीज गेली की इन्व्हर्टर.

"बाप लाइनमन अन् घरीच लाइन नाई," विहीणबाई जावयाला ऐकवावं तसं स्वतःच्या लेकाला ऐकवत.

"आई, मी खांबावर होतो."

"खांबावरून फोन त कर, लाइन कवा येते त सांग. पोराले भिजवाले बरं."

आणि तो खरंच करायचा. लाइन जाणार असेल तर आधी घरी फोन, मग कचेरीत.

गोधडी घालणाऱ्या याच बाई आता गल्लीच्या पहारेकरी झाल्या होत्या. गल्लीतली पोरं त्याला "ए भिजक्या" म्हणून चिडवत. विहीणबाई ओट्यावरून ओरडत, "हो, भिजक्या हाये! तू वाळक्या हायेस!" कुणी शेजारीण दुपारी म्हणाली की एवढं ओलं ठेवता, सर्दी होईल, की त्या तिला खवल्यांपासून सगळं समजावत. प्रथिनाचं नाव त्यांना येत नव्हतं, पण निरोप कुठे निघतो आणि कुठे बसतो हे मी शिकवलेल्या मुलींपेक्षा जास्त गोडीने सांगत.

त्याच दिवसांत अमरावतीच्या डॉक्टरने त्याला कवळी करून दिली, छोटी, पिटुकल्या दातांची. पहिल्या दिवशी आरशासमोर तो कितीतरी वेळ ओठ वर करून उभा होता. दुसऱ्या दिवशी बालवाडीत त्याने ती काढून सगळ्यांना हातात दिली, आणि एका मुलीने घरी जाऊन मलाही असेच दात हवेत म्हणून भोकाड पसरलं.

एप्रिल गेला. भरती करावं लागलं नाही. मे निम्मा गेला. भाची वाळली होती, बोलायची कमी. वैशाख पौर्णिमेला दीर पुण्याहून आला. तो का आला हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

पौर्णिमेला सकाळी सगळे पांढरे कपडे घालून गल्लीतल्या बुद्धविहारात गेलो. वर टिनाचं छप्पर, आत माणसं दाटीवाटीने बसलेली. वंदना सुरू झाली आणि वीज गेली. पंखे थांबले. भाची मागच्या अंगाला खिरीच्या पातेल्याशी होती, तिला दिसत नव्हतं. विहीणबाईंचे डोळे मिटलेले. मुलगा काकाच्या मांडीला टेकून बसला होता. मी पाहत होते; त्याचे गाल लाल झाले होते. उठावं असं माझ्या मनात आलं, तेवढ्यात तोच उठला.

त्याने तोंडातली कवळी काढली आणि काकाच्या हातात दिली. "हे धरा." मग माणसांतून वाट काढत दाराजवळच्या माठाकडे गेला, लोटा भरून डोक्यावर ओतला. पुन्हा भरून छातीवर ओतला. आणि तसाच निथळत परत येऊन मांडी घालून, हात जोडून बसला. पाण्याचा ओघळ पुढच्या बाईंच्या पांढऱ्या लुगड्याखाली गेला.

"अगं माय! काय करून राह्यला रे पोट्ट्या?" त्या दचकून म्हणाल्या.

"मले गरम होऊन राह्यलं होतं," तो म्हणाला. दातांशिवाय, पण सगळ्यांना समजेल असं.

पुढचे लोक हसले, वंदना म्हणणारे क्षणभर अडखळले आणि पुन्हा सुरू झाले. दीर कवळी ओंजळीत धरून बसला होता. ती परत द्यायचं त्याला वंदना संपेपर्यंत सुचलं नाही.

जेवताना त्याने भाचीला विचारलं, "वहिनी, याला ते कुणी शिकवलं? गर्दीतून उठून जायचं?"

"कुणी नाही. आम्ही नुसतं विचारत असतो, गरम होतंय का. आता तोच सांगतो."

मग त्याने मुलालाच विचारलं, "पुण्याला येतोस का माझ्याकडे?"

"येतो न," मुलगा खीर खात म्हणाला. "पाव्हना येतो तसा येतो. मंग आई मले घ्याले येईन."

भाचीने सगळ्यांच्या ताटात पुन्हा खीर वाढली, नको म्हणणाऱ्यांच्याही.

दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत दोघे भाऊ गच्चीवर गेले. आदल्या रात्रीच त्यांचं ठरलं होतं. घराचा स्लॅब चुन्याने पांढरा केला की आतली खोली बरीच थंड राहते. दिराने बादलीत चुना कालवला आणि कुंच्याने मारायला घेतला. मुलगा जिन्याच्या सावलीत ओल्या शर्टाने उभा राहून पाहत होता. थोड्या वेळाने दीर पाणी प्यायला जिन्यात आला. कपाळावरून, मानेवरून धारा लागल्या होत्या. मुलाने बोट लावून पाहिलं.

"काका, तुमाले लोटा लागतच नाई."

"नाही रे. मला आतूनच येतं."

मुलाने बोट शर्टाला पुसलं. "मस्त हाये," तो म्हणाला. त्यात हेवा नव्हता. मोराचा पिसारा पाहून मुलं म्हणतात तसं म्हणाला.

दीर तिथेच पायरीवर टेकला. खिशातून फोन काढून त्याने पुण्याच्या शाळेत लावला आणि धरून ठेवलेली जागा दुसऱ्या कुणाला द्या म्हणून सांगितलं. भाची खाली स्वयंपाकघरात होती, तिला ते ऐकू आलं. ती दाराशी आली, वर पाहिलं, आणि विचारलं, "भाऊजी, उन्हाच्या आत गच्ची होईल ना पूर्ण?"

"होईल," तो म्हणाला आणि कुंचा घेऊन वर गेला.